डिजिटल प्रतिमासंग्रहांच्या मेटाडेटाचे प्रमाणीकरण : एक चिकित्सा

ग्रंथालयातील निरनिराळे डिजिटल प्रतिमासंग्रह एकत्रितपणे शोधता यावेत, यासाठी त्यांच्या मेटाडेटाचे रकाने समान केले जातात. त्याकरिता 'डब्लिन कोअर' हे प्रमाण सुपरिचित आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन येथील कार्यशाळेत त्याचा उगम झाला. २००३ मध्ये त्यातील १५ घटकांना 'आयएसओ १५८३६' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. साधेपणा हे त्याचे बळ. परंतु चित्रांच्या बाबतीत तीच त्याची मर्यादा ठरते.

राजा रविवर्मा यांच्या शिलामुद्रित चित्राचे उदाहरण घेऊ. मूळ तैलचित्र एका वर्षीचे, १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यातील प्रत दुसऱ्या वर्षीची, तर स्कॅन केलेली प्रतिमा अलीकडची. एका संग्रहाने 'दिनांक' या रकान्यात पहिले वर्ष नोंदवले आणि दुसऱ्याने तिसरे, तर रकान्याचे नाव समान राहूनही अर्थ भिन्न होतो. 'निर्माता' चित्रकार की छापखाना, हा प्रश्नही उरतोच. अशा नोंदींचे एकत्रीकरण अभ्यासकासमोर चुकीचा कालक्रम ठेवते आणि ही चूक सहजी लक्षातही येत नाही.

मूळ वस्तू व तिची प्रतिमा यांचे वर्णन स्वतंत्रपणे करावे, हे तत्त्व डब्लिन कोअरच्या परंपरेतही आहे. 'व्हीआरए कोअर'मध्ये तर कलाकृती व प्रतिमा यांच्या नोंदी वेगळ्याच मानल्या आहेत. म्हणून रकान्यांची नावे जुळवण्यापूर्वी त्यांचे अर्थ लेखी निश्चित करणे आणि मूळ नोंदी जतन करणे अगत्याचे आहे. अन्यथा प्रमाणीकरण केवळ नाममात्र ठरेल.