चार शब्दांची सोयरीक

‘पाली’ हा शब्द घ्या. महड, ओझर, थेऊर यांच्या शेजारी ठेवला की तो अष्टविनायकांपैकी एक स्थान दाखवतो. संस्कृत, अर्धमागधी, तमिळ यांच्या ओळीत बसवला की तीच एक भाषा होते. सरडे, साप, कासवे यांच्यात सोडला तर भिंतीवरच्या पाली सरपटणाऱ्या प्राण्यांत जमा होतात. आणि नेकनूर, चौसाळा, मांजरसुंबा या नावांबरोबर वाचला तर बीडच्या माणसाला बिंदुसरा धरणाजवळचे गाव आठवते. शब्द एकच, पण त्याचा अर्थ शेजाऱ्यांनी ठरवला.

नेमक्या याच गोष्टीवर रचलेले एक कोडे आज रोज असंख्य लोक सोडवतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या अमेरिकन दैनिकाने जून २०२३ मध्ये ते ‘कनेक्शन्स’ या नावाने सुरू केले. बीबीसीच्या ‘ओन्ली कनेक्ट’ या २००८ साली सुरू झालेल्या कार्यक्रमातही अशीच सोळा शब्दांची भिंत असते. नियम सोपा आहे: सोळा शब्दांचे, चार-चारांचे चार गट पाडायचे. चार चुका झाल्या की खेळ संपतो आणि उत्तर दाखवले जाते. सोळा शब्द अशा चार गटांत विभागण्याच्या एकूण रीती २६,२७,६२५ होतात. म्हणजे अंदाजाने ठोकत बसण्यात अर्थ नाही, विचारच करावा लागतो.

आम्ही हे कोडे नियमाने सोडवतो आणि त्याचा एक गुण मनापासून मान्य करतो. कोडे रचणारा एकाच गटात बसतीलसे पाच-सहा शब्द मुद्दाम पेरतो. चार सापडले म्हणून लगेच खूण करणारा फसतो, तर पाचवाही इथे बसतो का, आणि बसत असेल तर यातल्या कोणाची दुसरीकडे अधिक गरज आहे, हे पाहणारा तरतो. आधी अटकळ बांधायची, मग ती उरलेल्या सगळ्या शब्दांवर तपासायची आणि जुळले नाही तर बिनतक्रार सोडून द्यायची. प्रयोगशाळेत आम्ही याहून फारसे वेगळे काही करत नाही.

दोष आहे तो शेवटी दाखवल्या जाणाऱ्या उत्तरात. ते रचणाऱ्याचे उत्तर असते. आपण पाडलेला गट कितीही सयुक्तिक असला तरी तो त्याच्या मनात नसेल तर चूक ठरतो, आणि का पाडला हे कोणी विचारत नाही. खेळात हे चालून जाते, चूक झाली तरी उद्या नवे कोडे असतेच. परंतु याच कोड्याचा एक भाऊबंद आपल्या शाळांत ठाण मांडून आहे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीतला ‘गटात न बसणारे पद ओळखा’ हा तो प्रश्न. तिथे मुलाचे गुण जातात, आणि गुणांबरोबर ‘आपल्याला डोके नाही’ ही समजूतही पदरात पडते.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातील शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका दाखवून यात वेगळे काय, असे विचारले. अपेक्षित उत्तर होते ओंडका, कारण बाकीची अवजारे आहेत. निरक्षर शेतकऱ्यांना ते पटेना. लाकूडच नसेल तर करवत आणि कुऱ्हाड काय कामाची? लुरियांनी याचा अर्थ असा लावला की, अमूर्त वर्गवारीची सवय त्यांना नाही. पुढे लायबेरियातील क्पेले लोकांकडून खाद्यपदार्थ आणि अवजारे यांचे गट करून घेताना हाच अनुभव आला. त्यांनी सुरी फळाबरोबर ठेवली, कारण सुरीने फळ कापतात, आणि शहाणा माणूस असेच करील म्हणून सांगितले. ‘मग मूर्ख माणूस कसे करील?’ असे विचारताच त्यांनी खाद्ये एकीकडे आणि अवजारे दुसरीकडे, अशी अगदी पुस्तकी वाटणी करून दाखवली! जोसेफ ग्लिक यांनी नोंदवलेला हा प्रसंग प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावा. वर्गवारी त्यांना येत होती, पण तिच्यात शहाणपण आहे असे त्यांना वाटत नव्हते.

आता पालीच्या वर्गाची कल्पना करा. फळ्यावर शब्द आहेत: कोयता, विळा, मुकादम, खुरपे. उत्तरसूचीत ‘मुकादम’ वेगळा. परंतु बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत ‘कोयता’ म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर. त्या घरातल्या मुलीने कोयता आणि मुकादम एकत्र ठेवले तर तिला शब्द कमी कळतो की आपल्याला?

यावर उपाय म्हणून कोडे टाकून देऊ नये, उत्तरसूची टाकावी. पुढील बारा शब्द फळ्यावर लिहा: सोम, रवी, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. वार, ग्रह आणि पंचमहाभूते असे चार-चारांचे तीन गट करायला सांगा. पृथ्वीला महाभूतांत जागा उरत नाही, ती ग्रहांत जाते. सोम आणि रवी वारांत. उरलेल्या पाचांपैकी कोणतेही दोन वारांत घाला, तिघे ग्रहांत जातील. म्हणजे बरोबर उत्तरे दहा! ती दहाही मुलांनाच शोधू द्या. मग विचारा, पंचांग करणाऱ्याने हे गट कसे केले असते? त्याच्या नवग्रहांत रवी आणि सोम आहेत, पृथ्वी नाही. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये आला, आणि त्याने मांडलेले चित्र पुढे स्वीकारले गेले तेव्हा सूर्य ग्रहांतून बाहेर पडला व पृथ्वी आत आली. आकाशात काहीच हलले नव्हते, बदलला तो गट पाडण्याचा निकष.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे. गटात न बसणारा शब्द जरूर विचारा, मात्र गुण शब्दाला देऊ नका, ‘कारण’ या शब्दापुढे मूल जे लिहील त्याला द्या. तपासायला वेळ जास्त लागेल, हे खरे. पण मुलाच्या डोक्यात काय चालले आहे ते कळायला दुसरा स्वस्त मार्ग आम्हाला माहीत नाही.