'लिंक अँड को' : एका नाममुद्रेचे स्थान आणि अर्थ

बाजारपेठेत एखाद्या नाममुद्रेचे स्थान कोणते, हा प्रश्न सामान्यतः वाणिज्यशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो, आणि किंमत, खप व स्पर्धक यांची कोष्टके मांडून ते त्याचे उत्तर देतात. परंतु दोन मोटारी एकाच उद्योगसमूहाकडून, एकाच सांगाड्यावर तयार होऊन भिन्न नावांनी विकल्या जातात, तेव्हा त्यांच्यातील भेद हा बऱ्याच अंशी नावाचाच भेद असतो. आणि जेथे भेद नावाचा आहे तेथे भाषेच्या अभ्यासकालाही बोलण्याचा अधिकार पोचतो. चिनी भांडवल आणि स्वीडिश अभियांत्रिकी यांच्या संयोगातून निघालेली 'लिंक अँड को' ही नाममुद्रा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. शीतकपाटाच्या सुट्या भागांपासून १९८६ मध्ये उद्योगाला आरंभ केलेल्या जीली या चिनी समूहाने २०१० मध्ये फोर्ड कंपनीकडून व्होल्वोचा मोटारव्यवसाय विकत घेतला. पुढे उभय कंपन्यांनी गोथेनबर्ग येथील संयुक्त केंद्रात मोटारीचा एक समाईक सांगाडा सिद्ध केला. व्होल्वोची 'एक्ससी ४०', पोलस्टारची 'पोलस्टार २' आणि लिंक अँड कोची '०१' या तिन्ही त्याच्यावर उभ्या आहेत. नव्या नाममुद्रेची घोषणा २०१६ च्या ऑक्टोबरात बर्लिन येथे झाली, विक्री मात्र २०१७ मध्ये चीनमध्ये सुरू झाली. घोषणेचे स्थळ एक आणि विक्रीचे स्थळ दुसरे, यातच पुढील सर्व विवेचनाचे बीज आहे.

प्रथम नावाकडे वळू. 'जीली' या चिनी नावाचा अर्थ शुभ, मंगल असा आहे. आपल्याकडील 'लाभ' आणि 'शुभ' यांच्या पंक्तीत ते सहज बसेल. 'व्होल्वो' हे लॅटिन क्रियापद असून 'मी फिरतो, लोळतो' असा त्याचा अर्थ. या दोन नावांना काही तरी सांगावयाचे आहे. 'लिंक' म्हणजे दुवा. त्यातील इकाराच्या जागी मुद्दाम निराळे अक्षर योजून शब्द थोडा अनोळखी केला आहे. 'अँड को' ही जुन्या इंग्रज पेढ्यांची शेपटी होय. मुंबईच्या फोर्टातील जुन्या पाट्यांवर तिचेच 'आणि कंपनी' झाले, आणि बोलण्यात आपण तिला 'आणि मंडळी' म्हणतो. तेथे त्या शेपटीच्या आधी कोणा मालकाचे आडनाव असे. येथे आडनावाच्या जागी 'दुवा' हा सामान्य शब्द आहे. मंडळी आहेत, यजमान मात्र गैरहजर!

चिनी रूप मात्र निराळे आहे. तेथे ही नाममुद्रा दोन अक्षरांनी लिहिली जाते. पहिल्याचा अर्थ नेतृत्व करणे आणि दुसऱ्याचा मात करणे. दुसरे अक्षर परकीय नावांच्या लिप्यंतरात नेहमीच येते. ब्यूकच्या चिनी नावातही ते आहे. ते दिसताच चिनी वाचकाला परदेशी मालाचा वास येतो. मूळ नावाशी ध्वनिसादृश्य राखून शिवाय अर्थही साधावा, ही चिनी नामकरणाची रूढ कसोटी आहे. बीएमडब्ल्यूला तेथे 'मौल्यवान अश्व' म्हणतात, आणि हाँगकाँग व तैवानात व्होल्वोचे नाव 'धनाढ्य' असे होते. तात्पर्य, युरोपात जे नाव अर्थाने जवळजवळ रिकामे ठेवले गेले, तेच चीनमध्ये महत्त्वाकांक्षेने भरले गेले.

आता स्थानाचा प्रश्न. शब्दाचा अर्थ इतरांच्या निरासाने सिद्ध होतो, 'गो' म्हणजे जे अ-गो नव्हे ते, असे दिङ्नागाचे अपोहमत आहे. सोस्यूरने भाषिक मूल्याविषयी जे सांगितले ते याहून फार दूर नाही. लिंक अँड कोचे युरोपातील आरंभीचे स्थान हे अपोहाचे जवळजवळ शुद्ध उदाहरण आहे. ती व्होल्वो नव्हती, कारण व्होल्वोच्या किमतीला व प्रतिष्ठेला धक्का लागू द्यावयाचा नव्हता. ती जीलीही नव्हती, कारण ते नाव युरोपात अपरिचित होते. विक्रेत्यांची रूढ साखळी नव्हती. रंगांची निवडही जवळपास नव्हती. '०१' काळ्या किंवा निळ्या रंगात मिळे. इतकेच नव्हे, तर खरेदीचाही आग्रह नव्हता: मासिकाची वर्गणी भरावी तशी दरमहा ५०० युरोची वर्गणी भरावी, नको झाल्यास महिन्याने थांबवावी आणि आपली गाडी इतर वर्गणीदारांना वापरावयास देऊन खर्चाचा काही भाग भरून काढावा. ॲम्स्टरडॅमसारख्या शहरांत मोटारींच्या दुकानाऐवजी तिने क्लब उघडले.

ही योजना कल्पक होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु अपोहाने भेद कळतो, ओढ निर्माण होत नाही. वर्गणीदार वर्गणी भरतो ती सोयीसाठी. त्याला नावाशी काही कर्तव्य असतेच असे नाही. २०२४ मध्ये कंपनीने युरोपात विक्रेत्यांमार्फत रूढ विक्रीकडे मोहरा वळविला, तेव्हा 'इतरांसारखे नसणे' हा तिचा मुख्य अर्थच गळून पडला. उरली ती चीनमध्ये तयार झालेली, बऱ्यापैकी सुसज्ज, मध्यम किमतीची एक गाडी. आणि त्या वर्णनात बसणाऱ्या गाड्या एव्हाना युरोपात पुष्कळ झाल्या होत्या.

मग 'युरोपीय' या विशेषणाचे काय? येथे लक्षणेचे साहित्यशास्त्रातील जुने उदाहरण उपयोगी पडते. गवळीवाडा गंगेवर आहे असे म्हटले, तर तो प्रवाहात नसून काठावर आहे हे आपण जाणतो. पण 'काठावर' न म्हणता 'गंगेवर' म्हटल्याने शीतलता आणि पावित्र्य व्यंजित होते. 'गोथेनबर्ग' या शब्दाचे या नाममुद्रेच्या संदर्भातील कार्य नेमके हेच आहे. आरेखन तेथले, हे खरे. पण ग्राहकाच्या मनात उमटते ते व्होल्वोचे सुरक्षिततेचे पुण्य. यात असत्य काही नाही. मात्र लक्षणा प्रामाणिक राहावयाची तर काठ नदीला लागून असावा लागतो. आरंभी संयुक्त कंपनीत व्होल्वोचा ३० टक्के भाग होता. २०२५ च्या आरंभी तो झीकर या जीलीच्याच दुसऱ्या कंपनीकडे गेला. काठ मागे सरला, वाड्याचे नाव तेच राहिले. या शब्दप्रयोगाची छाननी करण्याचे काम समीक्षेचे आहे, कारण जाहिरातीच्या भाषेत असत्यापेक्षा जुन्या झालेल्या सत्याचाच उपद्रव अधिक होतो.

राजसत्तेला व्यंजनेशी कर्तव्य नसते. युरोपीय संघाने २०२४ च्या ऑक्टोबरात चीनमध्ये तयार होणाऱ्या विद्युत मोटारींवर पूर्वीच्या १० टक्क्यांखेरीज जादा कर बसविला. जीली समूहासाठी तो १८.८ टक्के, तर एमजीच्या मालक एसएआयसीसाठी ३५.३ टक्के होता. जकातनाक्यावर आरेखन कोठले हे कोणी विचारीत नाही. '०१' ही विजेवर व पेट्रोलवर चालणारी संमिश्र गाडी असल्याने त्यातून सुटली. शुद्ध विद्युत '०२' सुटली नाही.

एमजीशी तुलना उद्बोधक आहे. तेथे नावाला ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसपासूनचा इतिहास आहे, पण लाँगब्रिजच्या कारखान्यातील जुळणी २०१६ मध्येच थांबली. म्हणजे वाच्यार्थ गेला, स्मृती राहिली. आणि स्मृतीवर विक्री होऊ शकते. भारतात गुजरातमधील हालोल येथे तयार होणाऱ्या या गाड्या पुण्यातही दिसतात, पण 'एमजी' म्हटल्यावर पुणेकराला आधी रस्ता आठवतो, ही गोष्ट वेगळी. लिंक अँड कोजवळ अशी स्मृती नाही, आणि नऊ-दहा वर्षांत ती घडविण्याची जी संधी होती ती तिने आकड्यांवर दवडली. '०२' या आकड्याने चीनमध्ये २०१८ साली पेट्रोलवर चालणारी एक गाडी ओळखली जात होती. २०२४ मध्ये युरोपात तोच आकडा सर्वस्वी निराळ्या विद्युत गाडीला दिला गेला, आणि ती विद्युत गाडी चीनमध्ये 'झेड २०' या नावाने विकली जाते. एका चिन्हाला दोन अर्थ आणि एका अर्थाला दोन चिन्हे, असा हा दुहेरी घोटाळा आहे. चिनी जाणणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने दोन्ही बाजारपेठांतील प्रसिद्धिसाहित्य समोरासमोर ठेवून या आकड्यांचा मागोवा घेतल्यास प्रबंधिकेपुरते साहित्य त्याच्या हाती सहज लागेल.