दिवाळीच्या विशेष गाड्या : फेऱ्यांचा हिशेब आणि सोलापूरचा प्रवासी

दिवाळी जवळ आली की रेल्वेची पत्रकं सुरू होतात. अमुक इतक्या विशेष गाड्या, अमुक इतक्या फेऱ्या. २०२५ च्या दिवाळी आणि छठसाठी देशभरात १२ हजारांहून जास्त विशेष फेऱ्या जाहीर झाल्या. त्याच वर्षी गणपतीसाठी ३८० फेऱ्यांची घोषणा होती. आकडे मोठे आहेत आणि खोटेही नाहीत. तरी पुण्यात नोकरी करणारा सोलापूरचा मुलगा धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी हडपसरच्या रस्त्यावर ट्रॅव्हल्सवाल्याशी घासाघीस करत उभा असतो. असं का?

माझा पीएचडीचा विषय रांगा आणि आरक्षणाचं गणित. त्यामुळे 'एवढ्या गाड्या सोडतात तरी तिकीट का मिळत नाही?' हा प्रश्न घरात आणि चहाच्या टपरीवर मला नेहमी विचारला जातो. आज त्याचं नीट उत्तर देतो. आणि उत्तर देताना रेल्वेच्या सणासुदीच्या धोरणावर टीकाही करतो, कारण माझ्या मते अडचण डब्यांच्या संख्येइतकीच मोजमापाची आहे.

आधी रेल्वेची बाजू

दहा दिवसांच्या गर्दीसाठी कोणीही नवा रूळ टाकत नाही. रूळ तोच, इंजिनं तीच, लोको पायलट तेच. एका मार्गावर दिवसाला किती गाड्या धावू शकतात यासाठी आपल्याकडे एकेरी मार्गांना स्कॉटचं सूत्र वापरतात. ते अगदी सोपं आहे. दिवसाची १४४० मिनिटं घ्यायची. सर्वांत अवघड टप्पा पार करायला संथ गाडीला लागणारा वेळ आणि सिग्नल-ब्लॉकचा वेळ यांच्या बेरजेने भागायचं. मग सुमारे ७० टक्के धरायचे. समजा टप्पा १५ मिनिटांचा आणि ब्लॉकचा वेळ ५ मिनिटं. १४४० भागिले २० म्हणजे ७२, त्याचे ७० टक्के म्हणजे ५० गाड्या. दोन्ही दिशा मिळून, मालगाड्या धरून. त्यात आणखी गाडी घुसवली की बाकीच्यांना क्रॉसिंगला थांबावं लागतं. दौंड-सोलापूर मार्ग एकेरी होता तेव्हा हे आपण सगळ्यांनी भोगलंय.

आता या मार्गाचं दुहेरीकरण झालंय, विद्युतीकरण झालंय. म्हणजे 'रूळच नाही' ही सबब आता पूर्वीइतकी चालत नाही. डबे, पिट लाइन, कर्मचारी या मर्यादा मात्र खऱ्या आहेत. म्हणूनच असलेले डबे कुठे वापरायचे, हा निर्णय महत्त्वाचा ठरतो.

'फेरी' हे मापच फसवं

पुणे-सोलापूर अंतर साधारण २६४ किलोमीटर. हुतात्मा एक्स्प्रेसला सुमारे चार तास लागतात. विशेष गाडीला रखडपट्टी धरून साडेचार तास आणि टोकाला दीड तास द्या. सहा तासांत एक फेरी, म्हणजे कागदावर एकाच रेकच्या दिवसाला चार फेऱ्या. देखभाल आणि मार्ग मिळण्याच्या अडचणी धरून तीन म्हणा. तोच रेक पुण्याहून बिहारकडे पाठवला तर नुसतं पोचायलाच एक दिवसाहून जास्त जातो.

याचा अर्थ बिहारची गाडी रद्द करा असा मुळीच नाही. त्या प्रवाशाला दुसरा पर्याय नाही आणि त्याची गरज आपल्यापेक्षा मोठी आहे. मुद्दा एवढाच की दोन्हीकडे 'फेरी' एक म्हणूनच मोजली जाते. एका फेरीत किती माणसं, किती अंतर, कोणत्या तारखेला, कोणत्या दिशेला, यातलं काहीही त्या आकड्यात दिसत नाही. भाऊबीजेनंतर पुण्याकडे भरून गेलेली गाडी आणि त्याच दिवशी उलट दिशेने निम्मी रिकामी आलेली गाडी, दोन्ही फेऱ्याच. १२ हजार हा आकडा ऐकून छाती फुगते, पण त्यावरून सोलापूरच्या माणसाला काहीच कळत नाही.

भाड्यातली मेख

सणाच्या बऱ्याच गाड्या 'विशेष शुल्कासह' धावतात. लोकांना वाटतं थोडे पैसे जास्त, बास. नियम जरा बारकाईने बघा. विशेष शुल्क म्हणजे मूळ भाड्यावर द्वितीय श्रेणीला १० टक्के आणि इतर श्रेणींना ३० टक्के, ठरलेल्या किमान-कमाल मर्यादेत. इथवर ठीक. पण त्याच नियमात किमान अंतरही आहे. एरवी स्लीपरचं किमान भाडं २०० किलोमीटरचं धरतात. विशेष शुल्काच्या गाडीत ते ५०० किलोमीटरचं होतं. थर्ड एसीलाही ५०० च.

म्हणजे पुण्याहून सोलापूरला २६४ किलोमीटर जाणारा प्रवासी ५०० किलोमीटरचे पैसे भरतो, आणि वर ३० टक्के. न केलेल्या २३६ किलोमीटरचं भाडं! हा नियम करताना लांबच्या प्रवाशाची जागा जवळच्या प्रवाशाने अडवू नये, हा विचार असणार. त्यामागे एक जुनं गणित आहे. १९७२ मध्ये ब्रिटिश विमान कंपनीतल्या केनेथ लिटलवूड यांनी एक नियम मांडला. स्वस्त तिकीट कुठवर विकायचं? तर महाग तिकिटाचा गिऱ्हाईक पुढे येण्याची शक्यता गुणिले महाग भाडं, हे स्वस्त भाड्यापेक्षा कमी आहे तोवर. रेल्वेत 'महाग' म्हणजे लांबचा प्रवासी. उद्यान किंवा कोणार्कसारख्या लांबच्या गाड्यांत मधल्या स्टेशनांच्या प्रवाशांना सामायिक कोट्याची वेटिंग लिस्ट मिळते आणि ती सहसा हलत नाही. त्याचं मूळ याच तर्कात आहे.

विमान कंपनीसाठी हा तर्क चोख आहे. पण त्यात एक गृहीतक दडलंय, की जागेची किंमत म्हणजे तिचं भाडं. सार्वजनिक सेवेत हे गृहीतक आपोआप लागू होत नाही. शिवाय जवळच्या प्रवाशाला दूर ठेवायचं असेल तर त्याच्यासाठी वेगळी गाडी हवी. ती न देता फक्त भाडं वाढवलं तर तो रस्त्यावर जातो. तिथे खासगी बसने एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेऊ नये असा राज्य सरकारचा २०१८ चा नियम आहे. तो दिवाळीत किती पाळला जातो, हे सोलापूरकरांना मी काय सांगू.

परतीच्या सवलतीचा प्रयोग

२०२५ मध्ये रेल्वेने एक वेगळा प्रयोग केला. जाण्या-येण्याचं तिकीट एकत्र काढा, परतीच्या मूळ भाड्यात २० टक्के सूट. गर्दी पांगवण्यासाठी किमतीचा वापर करणं, कल्पना म्हणून मला आवडलं. पण अटी वाचल्या. जाणं १३ ते २६ ऑक्टोबर, परत येणं १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबर. दोन्ही तिकिटं कन्फर्म हवीत, रद्द केल्यास परतावा नाही.

कॅलेंडर काढून बघा. २६ ऑक्टोबरला गेलेला माणूस १७ नोव्हेंबरला परतला तरी २२ दिवस होतात. त्या वर्षी भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. पुण्यातल्या कारखान्यात, दुकानात किंवा आयटी कंपनीत काम करणाऱ्या कोणाला दिवाळीला तीन आठवडे सुट्टी मिळते? सवलतीने तारीख तेव्हाच हलते, जेव्हा तारीख ठरवणं प्रवाशाच्या हातात असतं. सणाची तारीख तिथी ठरवते आणि परतीची तारीख मालक ठरवतो. अशा वेळी सूट कोणाला मिळते? बहुतेक त्यालाच, जो एरवीही उशिराच परतणार होता. गर्दी जागच्या जागी राहते.

किमतीच्या प्रयोगांचा रेल्वेला जुना अनुभव आहे. २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी, दुरांतोला फ्लेक्सी भाडं लागू झालं. नंतर कॅगने दाखवून दिलं की उत्पन्न वाढलं, पण प्रवासी घटले. तो धडा इथेही लागू होतो.

मग आषाढीला कसं जमतं?

आपल्याच विभागात याचं उलट उदाहरण आहे. आषाढीला नागपूर, अमरावती, खामगाव, भुसावळ, लातूर, मिरजेहून पंढरपूरला विशेष गाड्या येतात. त्यात अनारक्षित डबे भरपूर असतात आणि मिरज, कुर्डुवाडीकडे जवळच्या फेऱ्या होतात. गर्दी प्रचंड असते, हाल होतातच. पण पत्रक वाचून वारकऱ्याला आपली गाडी सापडते.

याची मुळं जुनी आहेत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ ला कुर्डुवाडीहून बार्शीला गेली आणि १९०६ ला पंढरपूरला पोचली. तेव्हापासून इथे वारीची गर्दी हा वेळापत्रकाचाच भाग आहे. त्या काळात प्रवाशांची काळजी घेतली जायची असं मात्र समजू नका. रितिका प्रसाद यांच्या 'ट्रॅक्स ऑफ चेंज' या २०१५ च्या पुस्तकात वसाहतकाळातल्या तिसऱ्या वर्गाची गर्दी आणि यात्रेकरूंना मालडब्यांतून नेण्याचे प्रकार सविस्तर आले आहेत. १९१७ मध्ये गांधीजींनी मुंबई-मद्रास मेलच्या तिसऱ्या वर्गाविषयी लिहिलं, तो रस्ताही पुणे, रायचूर असा, म्हणजे आपलाच.

आषाढीला जमतं कारण ठिकाण एक, तारीख पक्की आणि रेल्वेने मान्य केलेलं की हा प्रवासी जवळचा आहे, गरीब आहे आणि आरक्षणाशिवाय येणार आहे. दिवाळीचा पुणे-सोलापूर प्रवासीही बराचसा तसाच आहे. त्याला फक्त 'वारकरी' हे नाव नाही.

जे मोजलं जात नाही

आमच्या विषयात 'कापली गेलेली मागणी' अशी एक कल्पना आहे. खिडकीवर 'रिग्रेट' आलं की पुढे किती लोकांनी तिकीट मागितलं याची नोंद तिकीटविक्रीत उरत नाही. मग पुढच्या वर्षी विकलेल्या तिकिटांवरून अंदाज बांधला, तर तो कमीच येणार. चीनमध्ये २०१९ पासून रेल्वेच्या तिकीट संकेतस्थळावर प्रतीक्षेची मागणी आगाऊ नोंदवता येते. जपानमध्ये २०२३ च्या वर्षअखेरीपासून गर्दीच्या दिवसांत नोझोमी गाड्या पूर्ण आरक्षित केल्या. दोन्ही उपाय तसेच्या तसे उचलायची गरज नाही, पण दोघांनीही आधी एकच प्रश्न विचारला : कोणाला, कधी, कुठे जायचंय?

आपल्याकडे तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. २० ऑक्टोबरच्या गाडीची वेटिंग लिस्ट ऑगस्ट संपता संपता समोर असते. तेवढ्यात निर्णय घेता येतो.

मला तीन गोष्टी हव्यात. एक, ५०० किलोमीटरची अट निदान आंतरशहर मार्गांवर काढा. दोन, सणाच्या आठ दिवसांत पुणे-सोलापूर साध्या भाड्याच्या, अनारक्षित डबे जास्त असलेल्या दिवसाच्या गाड्या चालवा आणि त्यांचं वेळापत्रक वेटिंग लिस्ट भरतानाच जाहीर करा. तीन, सण संपल्यावर फेऱ्यांऐवजी मार्गनिहाय, तारीखनिहाय किती माणसं गेली आणि किती जणांना तिकीट मिळालं नाही, ते छापा.

गर्दीचा अंदाज चुकला तर काय होतं, हे वांद्रे टर्मिनसने २७ ऑक्टोबर २०२४ ला आणि नवी दिल्ली स्टेशनने १५ फेब्रुवारी २०२५ ला दाखवलंय. वांद्र्याला अनारक्षित गाडीत चढताना माणसं जखमी झाली, दिल्लीत १८ जण गेले. त्यानंतर मोठ्या स्टेशनांवर प्रवाशांना थांबवून ठेवायच्या जागा बांधायचं ठरलं. त्या हव्यातच. पण प्लॅटफॉर्मवर अडवलेल्या माणसाला शेवटी घरीच जायचं असतं, आणि त्याची मागणी दोन महिने आधीच रेल्वेच्या संगणकात दिसत असते.