जे लिहिलेले नाही ते निषिद्ध : एका छोट्या होडीच्या नियमांचे वाचन

रिमोटवर चालणाऱ्या शीडाच्या छोट्या होड्यांविषयी जगभर बरेच लिहिले जाते आणि त्यातले बहुतेक लेखन बांधणीविषयी असते. डोलकाठी किती मागे कलवावी, तळाखालच्या फिनच्या टोकाला शिसे किती लावावे, शिडाला पोट किती ठेवावे, अशा प्रश्नांवर पानेच्या पाने भरतात. हे लेखन उपयोगाचे आहे. साहित्याच्या वाचकाला त्यात रमण्यासारखे फारसे काही नाही. पण याच छंदात आणखी एक लेखनप्रकार आहे आणि त्याकडे कोणी लेखन म्हणून बघत नाही. तो म्हणजे होडीच्या ‘क्लास’ची नियमावली. दहा-वीस पानांचा रूक्ष मजकूर, मिलिमीटर आणि ग्रॅम यांनी भरलेला. तरीही एखाद्या तळ्यावर दर रविवारी दहा-बारा माणसे आपापली होडी काखेत मारून येत राहतील की दोन हंगामांत पांगतील, हे बऱ्याच अंशी या पानांवर ठरते. म्हणून ही पाने मन लावून वाचावीत, असे मला वाटते.

आधी शब्दाचे बघू. ‘क्लास’ला मराठीत ‘वर्ग’ म्हणावे तर शाळा आठवते, नाहीतर समाजशास्त्र. कुस्तीतला ‘वजनी गट’ अर्थाने जवळचा आहे, पण पुरता नाही. कारण पैलवान गटात बसवला जातो आणि होडी मुळातच गटासाठी बांधली जाते. एकाच नियमात बसणाऱ्या, म्हणून कोणालाही सूट न देता एका रेषेवरून सुटू शकणाऱ्या होड्या म्हणजे क्लास. मी ‘क्लास’च म्हणेन. शीड, डोलकाठी, सुकाणू हे शब्द कोकणच्या किनाऱ्याने आपल्याला आयतेच दिलेले आहेत. त्यांना परके पर्याय शोधण्याची गरज नाही.

या प्रकारातला एक जुना आणि अत्यंत तोकडा मजकूर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मार्बलहेड गावचा. १९३०च्या सुमारास रॉय क्लॉ यांनी तिथे एक नियम मांडला : होडीची लांबी ५० इंच, शिडाचे क्षेत्रफळ ८०० चौरस इंच. बाकी जवळजवळ सगळे मोकळे. तेव्हा रेडिओ नव्हता. मालक हातात काठी घेऊन काठाकाठाने चालत आणि होडी किनाऱ्याला लागली की तिचे तोंड फिरवून देत. दोन आकड्यांचा हा नियम शोधक माणसांना फार आवडला, आणि पुढच्या काळात खोल फिन, शिशाचा गोळा, कार्बन असे जे जे सुचले ते ते या होडीने सामावून घेतले. मार्बलहेड ही आजही विलक्षण देखणी आणि वेगवान होडी आहे. पण दोन आकड्यांच्या नियमात एक न लिहिलेले वाक्य दडलेले असते : गेल्या वर्षीची होडी यंदा मागे पडणार. ज्याच्याकडे वेळ, कार्यशाळा आणि पैसा आहे त्याला हे आव्हान वाटते. बाकीच्यांना ते घरी जाण्याचे निमंत्रण असते.

कथाकाराला मात्र असमान होड्याच हव्या असतात. ई. बी. व्हाइट यांच्या ‘स्टुअर्ट लिट्ल’ (१९४५) या मुलांच्या कादंबरीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या तळ्यावर एक शर्यत आहे. एका बाजूला ‘वॉस्प’ ही दोन डोलकाठ्यांची स्कूनर, जिच्यावर उंदराएवढा स्टुअर्ट स्वतः चढलेला, आणि दुसऱ्या बाजूला एका तुसड्या मुलाची ‘लिलियन बी. वूमरॅथ’ ही एका डोलकाठीची होडी. ही दोन वेगळ्या जातींची झुंज आहे आणि त्यामुळेच तिच्यातून गोष्ट होते. सारख्या बारा होड्यांची शर्यत लांबून बघणाऱ्याला कंटाळवाणी वाटेल. तिच्यातले नाट्य काठावर उभ्या माणसांनाच दिसते, कारण होड्या सारख्या केल्या की उरलेला फरक माणसांचा असतो.

हा फरक कागदावर पकडण्याचा सर्वात विचारपूर्वक लिहिलेला प्रयत्न म्हणजे १९८८ सालचा ‘इंटरनॅशनल वन मीटर’ हा क्लास. शीडनौकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मॉडेल-विभागाने तो आखला. त्याच्या नियमावलीचा मूळ सूर असा, की जे करण्याची परवानगी स्पष्ट शब्दांत दिलेली नाही ते करायचे नाही. मार्बलहेडच्या बरोबर उलट. वाचताना पहिल्यांदा हे दडपशाहीचे वाटते. पण एकेक कलम दुसऱ्याशेजारी ठेवून वाचावे. होडीचे किमान वजन ४००० ग्रॅम. हुलात, म्हणजे होडीच्या मुख्य अंगात, कार्बन चालणार नाही. डोलकाठी अल्युमिनियमची किंवा लाकडाची. शिडांचे तीन संच, हलक्या, मध्यम आणि जोरदार वाऱ्यासाठी, आणि तिन्हींची मापे ठरलेली. यातले वजनाचे कलम मला सगळ्यात चतुर वाटते. किमान वजन ठरवले की अतिहलके हूल बांधण्यातला बराचसा फायदा संपतो. महागड्या साच्यातून निघालेले हूल आणि घरच्या टेबलावर लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेले हूल एकाच काट्यावर एकच आकडा दाखवतात. एकात फक्त शिशाचा तुकडा थोडा जास्त घालावा लागतो. समतेविषयी एक शब्दही न उच्चारता त्या कलमाने ती साधली आहे.

मात्र याच मजकुरात एक दार मुद्दाम उघडे ठेवलेले आहे. हुलाचा आकार मोकळा आहे. रुंद करा, अरुंद करा, कडा धारदार ठेवा; मोठ्या स्पर्धांच्या निकालपत्रकात खेळाडूच्या नावाशेजारी त्याच्या होडीच्या आराखड्याचेही नाव छापतात. ब्रिटपॉप, कान्टुन अशी नावे त्या रकान्यात एका वर्षी वर सरकतात आणि दुसऱ्या वर्षी अर्धा ताफा तोच आराखडा घेऊन उतरतो. हा रकाना म्हणजे उघड्या दाराची किंमत आहे. ती मोजण्यासारखी आहे, असे माझे मत. त्या दारातूनच नवे आराखडे करणारी माणसे आत येतात. पण नवख्याला पहिल्या दिवशी तो रकानाच दिसतो, आणि आपली जुनी घेतलेली होडी त्या यादीत कुठेच नाही हेही दिसते.

आता छोट्या होडीकडे येतो, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. ‘आरजी ६५’ हा क्लास १९७०च्या दशकात अर्जेंटिनात जन्मला. लांबी जास्तीत जास्त ६५ सेंटिमीटर, मोठ्या शिडाच्या संचाचे क्षेत्रफळ जास्तीत जास्त २२५० चौरस सेंटिमीटर. पुन्हा दोन आकडे. होडी साधारण एक किलोची, आटोपशीर. थोड्या लाकडात, थोड्या शिशात घरी होणारी. अर्जेंटिनातून ती इतर देशांत गेली ती घरी बांधणाऱ्यांच्या हातून. या क्लासविषयी लिहिणारे त्याच्या मोकळेपणाचे कौतुक करतात आणि नियम छोटा म्हणून दार मोठे असे गृहीत धरतात. मला हे पटत नाही. इथे किमान वजनाचे कलम नाही. एक किलोच्या होडीत पन्नास ग्रॅम वाचवणे म्हणजे बरेच काही वाचवणे, आणि ते वाचवायला हात तयार असावा लागतो. लहान मजकूर उदार दिसतो, पण ज्याच्या हातात कसब आहे त्याच्याच बाजूने तो निकाल देतो.

साधारण २०१२ साली या क्लासच्या मापात बसणारी ‘ड्रॅगनफोर्स ६५’ ही तयार होडी बाजारात आली. आराखडा ब्रिटनमधल्या मार्क डिक्स आणि जॉन टशिंगहॅम यांचा, उत्पादन जॉयस्वे या चिनी कंपनीचे. खोके उघडावे, काही तास जोडाजोड करावी आणि पुढच्या रविवारी तळ्यावर जावे, इतके ते सोपे होते. आरजी ६५वाल्यांनी तिचे स्वागत केले. ताफा वाढणार होता. ताफा वाढला, पण लवकरच या होडीचा स्वतःचा वेगळा क्लास झाला आणि त्याच्या नियमावलीत ‘जे लिहिलेले नाही ते निषिद्ध’ हे सूत्र टोकाला गेले. हूल, फिन, सुकाणू, डोलकाठी कारखान्याचीच. बॅटरी, रिसीव्हर अशा गोष्टींत थोडी सवलत. ही पाने वाचताना लक्षात येते, की नियम होडीचे वर्णन जवळपास करतच नाही. आकाराचे एकही सूत्र त्याला लिहावे लागत नाही, कारण वर्णन साच्यात आहे. लेखकाचे काम कारखान्याने केले आहे.

अनेक तळ्यांवर या मजकुराने जे साधले ते आधीच्या कोणत्याही मजकुराला साधले नव्हते. ज्यांनी आयुष्यात कधी रंधा हातात धरला नाही अशी माणसे आली. निवृत्त झालेले, मोठ्या शीडनौकेवर आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून काठावर आलेले, नातवंडांना घेऊन आलेले. हरल्यावर ‘माझी होडीच जुनी’ म्हणायची सोय राहिली नाही, आणि ही सोय गेली की माणूस जिंकणाऱ्याला जाऊन विचारतो : तू शीड किती सैल सोडले होतेस? समूह बांधला जातो तो या प्रश्नापाशी. घरी बांधणाऱ्यांच्या ताफ्यात जिंकण्याचे रहस्य कार्यशाळेत कुलपाआड राहू शकते. इथे ते काठावरच सांगावे लागते, कारण दुसरीकडे ते असूच शकत नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजू टाळता येणार नाही. तो समूह आता एका साच्याच्या आयुष्यावर उभा आहे. कारखान्याने सुटा भाग बदलला की नियमावलीला त्याच्या मागे धावावे लागते; उत्पादन थांबवले तर मजकूर जागेवर राहील आणि होड्या संपतील. मार्बलहेडचे दोन आकडे कोणत्याच दुकानावर अवलंबून नव्हते; म्हणून नव्वदाहून अधिक वर्षे ते टिकले. आणखी एक नुकसान मोजता येत नाही. ताफ्यातला जो एक म्हातारा सगळ्यांना होड्या बांधून द्यायचा, तो या नव्या व्यवस्थेत फक्त आणखी एक खेळाडू होतो. त्याच्याकडे जे होते ते कोणाला लागत नाही. आरजी ६५वाल्यांची खंत हीच आहे. तिला जुन्या माणसांची कुरकुर म्हणून उडवून लावणे मला योग्य वाटत नाही. तरीही निवड करायचीच झाली तर गावात नवा ताफा सुरू करताना मी खोक्यातल्या होडीच्या बाजूने मत देईन, आणि त्याच तळ्यावर महिन्यातला एक रविवार आरजी ६५साठी राखून ठेवावा असेही म्हणेन. मापे जुळतात, खोक्यातली होडी तिथेही उतरू शकते. घरी बांधलेल्या होडीने मागे टाकले की खोकेवाल्याला रंध्याची किंमत कळते.

क्लासचा मजकूर होडीपुरता असतो. पाण्यावर माणसांनी एकमेकांशी कसे वागावे हे शीडनौकांच्या सर्वसाधारण शर्यत-नियमांत आहे, आणि रेडिओच्या होड्यांसाठी त्याला ‘ई’ हे परिशिष्ट जोडलेले आहे. मला ते परिशिष्ट सगळ्यात मानवी वाटते. मोठ्या होडीवर नावाडी स्वतः असतो. बोयापाशी कोण आत आहे हे त्याला डोळ्यासमोर दिसते. इथे डोळे पन्नास मीटर लांब, काठावर, आणि होडी हाताएवढी. दोन होड्या एकमेकींवर चढल्या आहेत की त्यांत वावभर पाणी आहे हे त्या कोनातून खात्रीने सांगताच येत नाही. परिशिष्टाने ही अडचण ओळखून बोयाभोवतीचे क्षेत्र तीन होड्यांच्या लांबीऐवजी चार केले. ६५ सेंटिमीटरच्या होडीला म्हणजे २ मीटर ६० सेंटिमीटर. शिक्षाही निम्मी केली : मोठ्या शर्यतीत सहसा दोन गिरक्या, इथे एक. चूक होणारच हे गृहीत धरून लिहिलेला हा मजकूर आहे. रेडिओ बंद पडला तर खेळाडूने ताबडतोब आपल्या होडीचा आकडा पुकारून ती ताब्याबाहेर गेल्याचे सांगायचे आणि शर्यत सोडायची. त्यानंतर इतरांसाठी ती होडी पाण्यातला अडथळा ठरते.

तक्रार करायची तर दोन्ही होड्यांचे आकडे मोठ्याने पुकारायचे. ज्याच्याविरुद्ध पुकारले तो बहुधा खांद्याला खांदा लावून शेजारीच उभा असतो, कारण सगळे नियंत्रक एकाच आखलेल्या पट्ट्यातून होड्या चालवतात. गिरकी घ्यायची की नाही हे आधी त्याने स्वतःच ठरवायचे. मोठ्या ताफ्याचे गट पाडले जातात, आणि एका गटाची शर्यत चालू असताना दुसऱ्या गटातल्यांना निरीक्षक म्हणून उभे करतात. अर्ध्या तासापूर्वी ज्याच्यावर बोट होते तोच आता बघतो आणि आकडे पुकारतो. मोठ्या खेळांमध्ये पंच हा वेगळ्या जातीचा प्राणी असतो. या काठावर ती जात नाही.

शिडावरच्या आकड्याचाही एक नियम आहे. होडीच्या नोंदणी-क्रमांकाचे शेवटचे दोन अंक शिडावर लावायचे आणि त्यांच्या आधी थोडी जागा कोरी सोडायची. एकाच शर्यतीत दोन होड्यांचे अंक सारखे निघाले तर एकाने त्या जागेत १ लावायचा. ३७ एकच असेल तर तो ३७च राहतो. दुसरा आला की दोघांपैकी एक १३७ होतो.