काचेपलीकडचं अंगण

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सकाळी नऊ वाजता मेन स्ट्रीटवरच्या एका बंद दुकानाच्या खिडकीत आपल्या मंडळाच्या चार-पाच बायका आणि सहा-सात मुलं दाटीवाटीने बसलेली असतात. चपला बाहेर, केस घट्ट बांधलेले, ओढण्या कमरेला खोचलेल्या. काचेपलीकडे फुटपाथवरून कोणी कॉफीचा पेला घेऊन जातं, कोणी कुत्र्याला फिरवतं, एखादं पोर थांबून काचेला नाक लावतं. खिडकीतली रांगोळी काचेच्या बाजूने सुरू करावी लागते आणि मागे सरकत दुकानात यावं लागतं, नाहीतर आपल्याच रांगोळीवर आपला पाय पडतो. पहिल्या वर्षी आम्ही हे चुकून शिकलो. आता आमची मुलं नव्या मुलांना ते शिकवतात.

न्यू जर्सीतल्या आपल्या गावात ही खिडकी गेली काही वर्षं दिवाळीला उजळते आहे. आपल्या स्मरणिकेत नाटकांबद्दल, गणेशोत्सवाबद्दल, मराठी शाळेबद्दल नेहमी लिहिलं जातं. या खिडकीबद्दलही एकदा मनापासून लिहावं, असं फार दिवस वाटत होतं.

रांगोळी मुळात येणाऱ्यासाठी काढतात. आपल्या आया-आज्या सकाळी सडा घालून उंबरठ्याबाहेर चार रेघा ओढायच्या, त्या घरातल्यांनी बघाव्यात म्हणून नव्हे. दूधवाला, पेपरवाला, शाळेत जाणारी मुलं, दारावरून जाणारं कोणीही त्या रांगोळीचं मानकरी असायचं. इथे आल्यावर आपण रांगोळी सोडली नाही, पण ती घरात आणली. बाहेर वारा, पानगळ, पाऊस आणि हाडं गोठवणारी थंडी, मग दुसरं काय करणार? देवापुढे, लाकडी फरशीच्या कोपऱ्यात, ट्रेमध्ये ती बसू लागली. पाहुणे कौतुक करायचे, पण पाहुणेही आपलेच. अनोळखी माणसाच्या स्वागताची कला नकळत ओळखीच्या माणसांपुरती उरली. खिडकीने ती पुन्हा रस्त्यापर्यंत नेली. माझ्या मते या उपक्रमाचं खरं मोल यात आहे.

दुकानाची खिडकी सजवणं ही या देशाचीही जुनी कला आहे. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने १८७४ साली नाताळसाठी खिडकीत चिनी मातीच्या बाहुल्या मांडल्या. पुढे नाताळच्या खिडक्या बघायला मुलांना घेऊन जाणं हा तिथल्या घरांचा रिवाजच झाला. १९६१ साली अँडी वॉरहॉल यांनी आपली चित्रं बॉनविट टेलर या दुकानाच्या खिडकीत, कपडे घातलेल्या पुतळ्यांमागे लावली होती. पुढच्या काळात मंदीमुळे दुकानं रिकामी पडली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोने २००९ मध्ये आणि सिअ‍ॅटलने २०१० मध्ये अशा दुकानांच्या खिडक्या स्थानिक कलावंतांसाठी खुल्या केल्या. धूळ खात पडलेल्या काचेमागे काही जिवंत दिसलं की माणसं त्या रस्त्याने चालतात आणि शेजारची दुकानंही तग धरतात, असा त्यामागचा साधा विचार. महासाथीनंतर आपल्या मेन स्ट्रीटवरचं चपलांचं दुकान बंद झालं. त्याची खिडकी दिवाळीपुरती द्याल का, असं मंडळाने जागेच्या मालकांना विचारलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी किल्ली दिली.

किल्ली मिळाली, पण खिडकी काही लगेच वश झाली नाही. पहिल्या वर्षी आम्ही तांदळाचं पीठ वापरलं. मालकांनी हळूच सांगितलं की पिठाने उंदीर येतील. मग मिठात कोरडे रंग कालवले. मीठ चिमटीतून छान सुटतं, पण पावसाळी आठवड्यात ओल धरून त्याचे खडे झाले. त्यानंतर एका थंड रात्री खिडकीच्या तळाशी असलेल्या जाळीतून हीटरचा झोत सुरू झाला आणि सकाळी पाहिलं तर मोराचं अर्धं पीस उडून गेलेलं. आता तळाला काळं फेल्ट अंथरतो. त्याच्या लवेत कण धरून राहतात. रंगांसाठी हस्तकलेच्या दुकानातली रंगीत वाळू आणि पांढऱ्या रेघांसाठी भारतातून आणलेली रांगोळी. शिरगोळा या दगडाच्या पुडीसारखी रेघ दुसऱ्या कशाचीच येत नाही. म्हणून भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत एक पाकीट आम्ही हक्काने मागतो.

खरी अडचण नजरेची होती. अंगणातली रांगोळी आपण वरून बघतो. खिडकीचा ओटा मात्र गुडघ्याएवढा उंच, आणि बघणारा काचेबाहेरून तिरकं बघतो. सुतळी आणि खिळ्याने काढलेलं चोख वर्तुळ बाहेरून चपटं दिसायला लागलं. यावरचा तोडगा आठवीतल्या एका मुलाने काढला. भूमितीच्या तासाला शिकलेलं आठवून त्याने दोन टाचण्या रोवल्या, दोऱ्याचा सैल फास दोन्हींभोवती टाकला, खडूने तो ताणून धरत फिरवला आणि खोलीच्या दिशेने लांबट अशी लंबवर्तुळाकार रेघ आखली. आतून ती वेडीवाकडी वाटत होती. आम्ही सगळे धावत फुटपाथवर गेलो, तर काचेतून गोल गरगरीत वर्तुळ दिसलं! त्या दिवसापासून आखणी करताना एक माणूस बाहेर उभा असतो आणि खुणांनी सांगतो, अजून मागे, थोडं डावीकडे, बस.

मध्ये संस्कार भारतीच्या धाटणीचा गालिचा असतो. चाळणीने रंग पसरायचे, मग पाचही बोटं जुळवून त्यावर जाड पांढरी रेघ सोडायची. शंख, स्वस्तिक, गोपद्म, सर्परेषा ही चिन्हं मुलांना पाठ झाली आहेत. कडेला मात्र ठिपक्यांची रांगोळीच हवी, असा आमचा आग्रह आहे. पंधरा ते आठ म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके आणि वर-खाली एकेक कमी होत शेवटी ८. मुलांनी मोजले, तर बरोबर १६९ भरले. उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद दाखवला, तेव्हा त्यांच्यासाठी ती जादूच होती. तो कागद त्यांनी स्वतः तयार केला आणि आता मराठी शाळेच्या कपाटात जपून ठेवला आहे.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून मुलीकडे आलेल्या एक आजी त्या शनिवारी खिडकीत आल्या. गुडघे दुखतात म्हणून आम्ही त्यांना खुर्ची दिली. त्यांनी ती बाजूला सारली आणि मांडी घातली. रंग भरायची प्लॅस्टिकची बाटली एका मुलीच्या हातात होती. ती त्यांनी काढून घेतली, चिमूटभर रांगोळी तिच्या बोटांत दिली आणि म्हणाल्या, ‘‘बाळा, हात पुढं ढकलायचा नाही, आपल्याकडं ओढायचा. अंगठा सैल सोड. रेघ आपणहून येते.’’ दहा मिनिटांत त्या मुलीच्या रेघेची जाडी सारखी यायला लागली. आजींच्या पिशवीत रांगोळीची जुनी वही होती, चौकटीच्या कागदाची, तेलाचे डाग पडलेली. तिच्यातलं कासव गेली दोन वर्षं आपल्या खिडकीत आहे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या सुमारास अंधार पडतो. दिवसा काचेत समोरचा रस्ताच जास्त दिसतो, पण अंधार पडला की आतले दिवे रांगोळी उचलून धरतात. खऱ्या पणत्यांना आगीच्या नियमांमुळे परवानगी नाही, म्हणून बॅटरीचे दिवे मातीच्या पणत्यांत ठेवतो. दारी कंदील मात्र बांबूच्या कामट्या आणि पतंगाच्या कागदाचा, मुलांनी केलेला. काचेवर एक पुठ्ठा लावतो. त्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत ‘रांगोळी’ आणि खाली इंग्रजीत दोन ओळींची माहिती असते. आल्यागेल्याला ‘रांगोळी’ हा शब्द बोलायला शिकवणं हे मुलांचं आवडतं काम.

जागेचे मालक इटालियन वंशाचे, सत्तरीचे. पहिल्या वर्षी ते बराच वेळ काचेसमोर उभे राहिले आणि मग आपल्या आजीच्या गावाबद्दल बोलू लागले. तिथे जूनमध्ये रस्त्यावर फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे घालतात आणि त्यावरून मिरवणूक जाते. इटलीत या कलेला इन्फिओराता म्हणतात. रोमजवळच्या जेन्झानो गावात ती १७७८ पासून चालत आली आहे. मला वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांतली तंडुलकुसुमबलिविकार आठवली, तांदळाची आणि फुलांची आरास. दोन वेगळ्या देशांच्या आज्यांनी भूमी सजवली होती आणि त्यांची नातवंडं न्यू जर्सीतल्या एका बंद चपलांच्या दुकानासमोर भेटली होती. त्या वर्षीपासून खिडकीच्या वीजबिलाचे पैसे ते आपल्याकडून घेत नाहीत.

ज्यांना शनिवारी येता येत नाही, त्यांच्यासाठी आणखी एक वाट निघाली. जानेवारी २०२१ मध्ये, महासाथीच्या काळात, वॉशिंग्टनमधल्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या स्वागतासाठी दीड हजारांहून अधिक लोकांनी घरोघरी कोलमचे, म्हणजे दाक्षिणात्य रांगोळीचे, तुकडे केले होते आणि ते एकत्र जोडून त्यांची चित्रफीत केली गेली. ती कल्पना आम्ही उचलली. एक फूट बाय एक फूट पुठ्ठा घरी न्यायचा, त्यावर गोंद लावून रांगोळी काढायची आणि आणून द्यायचा. हे चौकोन खिडकीच्या मागच्या भिंतीवर लागतात. त्यात पहिलीतल्या मुलाचा वाकडा सूर्य असतो आणि रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरताईंचं नेटकं कमळही.

तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी आम्ही खिडकी आवरतो. एवढी मेहनत पुसून टाकणार, हे ऐकून बाहेरचे लोक हळहळतात. पण पुसणं हाही रांगोळीचाच भाग आहे, आणि तो ज्यांनी काढली त्यांनीच करायचा असा आमचा नियम आहे. मऊ ब्रशने मुलं सगळे रंग मधोमध ओढतात. लाल, हिरवा, पिवळा, निळा एकत्र होऊन मातकट करडा रंग होतो. तो आम्ही फेकत नाही. बरणीत भरून ठेवतो आणि पुढच्या वर्षी गालिच्याचा पहिला थर त्याचाच देतो.

आता विनंती एवढीच. आपल्या घरी आई, सासूबाई, काकू यांची रांगोळीची वही असेल, तर ती मंडळाकडे घेऊन या. आम्ही तिची छायाचित्रं काढून वही त्याच दिवशी परत देऊ. भारतात जाऊन येणार असाल, तर बॅगेत पांढऱ्या रांगोळीचं एक पाकीट टाका. आणि दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सकाळी नऊला मुलांना घेऊन या. चित्रकला येत नसली तरी चालेल, ठिपके सगळ्यांनाच देता येतात. बरणी भरलेली आहे, पहिला थर तयार आहे.