फेसाळ पेल्याचे रसग्रहण

दिवाळी अंकासाठी समीक्षेचा लेख हवा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा माझ्या टेबलावर दोन कादंबऱ्या आणि एक कवितासंग्रह परीक्षणाची वाट पाहत पडले होते. त्यांतल्या कुणावरही लिहिता आले असते. परंतु गेले काही दिवस मनात घोळत होती ती वस्तू निराळीच. ती पुस्तक नव्हती, नाटक नव्हते, गाण्याची बैठकही नव्हती. ती होती बीअरची एक बाटली.

वाचकहो, एवढ्यावरून पान उलटू नका. मी मद्यपी नाही, आणि मद्यनिषेधाचा प्रचारकही नाही. शाळेत मुलांना मराठी शिकवावी, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, असा माझा क्रम. बीअरशी आयुष्यात जो काही परिचय झाला तो चार लग्नांच्या मागच्या खोलीतला, आणि तोही अर्ध्या पेल्यापुरता. तेव्हा या विषयात माझा अधिकार काय, असे कुणी विचारील तर उत्तर एवढेच की, माझ्यापाशी जीभ आहे आणि जिभेला जे कळले ते शब्दात धरण्याची थोडीबहुत सवय आहे. समीक्षकाला यापेक्षा जास्त काय लागते?

घडले ते असे. माझा एक जुना विद्यार्थी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बीअरच्या कारखान्यात आहे. बाहेरगावच्या पाहुण्यांना आमचे शहर अजिंठा-वेरूळसाठी ठाऊक असते. परंतु देशातल्या बीअर गाळणाऱ्या मोठ्या गावांत आमची गणना होते, हे फार थोड्यांना माहीत असते. फॉस्टर्सचा कारखाना इथलाच. २००६ साली तो सॅबमिलरकडे गेला आणि २०१६ साली सॅबमिलरच बेल्जियममधल्या ल्यूव्हेन शहरी मुख्य कचेरी असलेल्या एबी इनबेव्हच्या पदरात पडली. म्हणजे बेल्जियमशी आमचे नाते जुळून बरीच वर्षे झाली. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता, एवढेच.

हा विद्यार्थी एका रविवारी सकाळी घरी आला. पिशवीतून त्याने कागदात गुंडाळलेली एक बाटली काढली आणि खिशातून दोन परवाने. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून जिवंत आहे आणि पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. गुरुजींच्या हातून कायदेभंग होऊ नये, याची त्याने काळजी घेतली होती.

"सर, ही बेल्जियन धाटणीची पेल एल. परदेशातून येताना आणली. मी कारखाना सोडून स्वतःची छोटी भट्टी काढायचं म्हणतोय. पुण्यात २००९ साली 'डूलाली'नं सुरुवात केली, तशी इथं करायची. पहिली बीअर हीच करावी असं मनात आहे. पण तुम्ही चाखून सांगा. आमच्या धंद्यातली माणसं फक्त स्ट्राँग आहे का, एवढंच विचारतात."

हे शेवटचे वाक्य मला लागले. कादंबरी किती पानांची आहे एवढेच विचारणारा वाचक आणि बीअर किती चढते एवढेच विचारणारा गिऱ्हाईक, ही एकाच घरची माणसे. आपल्याकडे 'स्ट्राँग'चाच खप मोठा. त्यातही ती बर्फासारखी गार करून घ्यायची. जीभ आधी बधिर करायची आणि मग डोके. मध्ये चवीला उभे राहायला जागाच उरत नाही. या बाटलीतले मद्य पाच टक्क्यांच्या आसपास. या जातीत ते साधारण तेवढेच असते. तिच्यापाशी दांडगाई नाही. तिचे म्हणणे शांतपणे ऐकावे लागते.

त्याने ती आधीच शीतपेटीतून काढून थोडा वेळ बाहेर ठेवली होती. स्टीलच्या पेल्याला त्याने हात लावू दिला नाही, काचेचा मागितला. पेला तिरपा धरून हलक्या हाताने ओतले. रंग तांब्याचा: चिंचेने नुकत्याच घासलेल्या आणि उन्हात ठेवलेल्या तांब्याचा. त्यावर दोन बोटे पांढरा फेस. तो लगेच विरला नाही. ओसरताना काचेला जाळी सोडत गेला.

वासाच्या बाबतीत मात्र मी अडलो. ओळखीचा वाटत होता, आणि नाव सापडत नव्हते. तेवढ्यात सौ. चहाचे कप न्यायला आली. ती पीत नाही, पिणारही नाही. परंतु स्वयंपाकघरात तीस वर्षे काढलेल्या नाकाला कसली बंदी? पेला जवळ घेऊन तिने हुंगला आणि म्हणाली, "अहो, भाजणी आहे ही. थालीपिठाची भाजणी चुलीवरून उतरवताना येतो ना, तसा वास."

त्या दिवसातला सर्वात अचूक समीक्षावाक्याचा मान तिचा. विद्यार्थी तर उडालाच. त्याने सांगितले ते असे: जव भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा आणि मंद भाजायचा. आपण नाचणीचे सत्त्व करतो त्याचीच ही युरोपातली भावंड. त्याला माल्ट म्हणतात. या जातीत थोडा अधिक भाजलेला माल्ट घालतात. रंग त्याचा आणि वासही त्याचा. मग हॉप नावाच्या वेलीची फुले कडूपणासाठी. आणि शेवटी यीस्ट. "यीस्ट म्हणजे सर, विरजण समजा. दूध एकच, पण प्रत्येक घरच्या दह्याची चव वेगळी. बेल्जियमचं सगळं मर्म त्या विरजणात." आपल्याकडची नेहमीची बीअर ती लागर, तिचे यीस्ट गारव्यात, सावकाश काम करते. एलचे यीस्ट त्याहून उबेत आंबते आणि आंबताना फळांचा, मसाल्याचा वास मागे ठेवते. पुन्हा हुंगले तेव्हा मला तो सापडला: पिकल्या नाशपातीचा, किंचित संत्र्याच्या सालीचा आणि फार लांबून मिऱ्याचा. त्यांतले काहीही त्यात घातलेले नव्हते.

आता चव. पहिला घोट गोडसर, भाजणीचाच. मग कडूपणा येतो, परंतु कारल्यासारखा अंगावर येत नाही. मेथीच्या भाजीसारखा गोडाचा हात धरून येतो. आणि शेवट कोरडा. घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ होते, पुढच्या घासाला तयार होते.

इथे आपल्या भाषेची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. संस्कृतातल्या सहा रसांत 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत 'कडू' हा शब्द आला 'कटु'पासून, आणि अर्थ मात्र घेऊन बसला तिक्ताचा. कडू या चवीशी आपले नाते असे प्रथमपासून घोटाळ्याचे. तरीही आपण तिला सणातून घालवलेले नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर कोकणातल्या घरांतून पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि त्याचा कडू थेंब जिभेला लावतात, फराळ त्यानंतर. पाडव्याला कडुनिंब आधी, श्रीखंड नंतर. कडवटपणा ही गोडाची प्रस्तावना आहे, हे आपल्या पूर्वजांना बेल्जियमला न जाताच कळले होते.

गुण सांगितले, आता दोषही सांगितले पाहिजेत. आमच्या बाटलीने लांबचा प्रवास केला होता. फुलांचा ताजा वास तिच्यात क्षीण झाला होता, आणि मधल्या घोटात ओल्या पुठ्ठ्याची एक पुसट छटा होती. ती शिळेपणाची खूण, असे विद्यार्थ्याने कबूल केले. दुसरे असे की, ठेच्यावर वाढलेल्या मराठवाडी जिभेला तिचे सौम्य बोलणे पहिल्यांदा ऐकूच येणार नाही. चकलीबरोबर घेऊन पाहिली, तर दोघींचे उत्तम जमले. भाजणीला भाजणी भेटली. करंजीशी मात्र तिचे भांडण झाले. एकूण मत असे की ही बीअर थोर नाही, परंतु सज्जन आहे. आणि थोर वस्तूंपेक्षा सज्जन वस्तू घडवणे अवघड, हे मी कादंबरीलेखनावरून जाणतो.

तिचे कूळही असेच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्जियमात इंग्रजी एल आणि जर्मन लागर यांची चलती होती. देशी बीअर सुधारावी म्हणून १९०४ साली एक स्पर्धा जाहीर झाली आणि तिच्यातून या जातीला रूप आले. परक्यांची नक्कल न करता त्यांच्याशी पंक्तीला बसेल असे आपले काही करावे, ही ती धडपड. अँटवर्प शहरात १८३३ पासूनचा 'डी कोनिंक'चा कारखाना या जातीसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या चिन्हावर उघडा तळहात असतो. आणि त्या शहराची दंतकथाही हाताचीच. जकात न देणाऱ्या नावाड्यांचे हात तोडणाऱ्या राक्षसाचाच हात एका वीराने तोडून नदीत भिरकावला म्हणे. तिथे या बीअरसाठी पायाचा गोल पेला असतो. लोक बीअरचे नाव न घेता पेल्याच्याच नावाने, 'बोलेके' म्हणून, ती मागवतात. २०१६ साली युनेस्कोने बेल्जियमची बीअर-संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने बोलत होतो. विद्यार्थी खुलला होता. "मग करू ना सर सुरुवात?" त्याने विचारले. मी होकार देणार, तोच कप विसळता विसळता सौ.ने आतून विचारले, "पण पाणी कुठलं घालणार रे तू?"

खोलीत एकदम शांतता झाली.

त्या प्रश्नाचा अर्थ आमच्या शहराबाहेरच्या वाचकांना कदाचित उलगडणार नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात ज्या शहराला नहरींनी पाणी खेळवले, त्या शहराने आमच्या काळात आठ-आठ दिवसांनी येणारे नळ पाहिले. पाणी येते ते पैठणच्या नाथसागरातून. नळांना तेच आणि कारखान्यांनाही तेच. बीअरमध्ये दहातले नऊ भाग पाणी. आणि एक लिटर बीअर करायला चांगल्या कारखान्यातही तीन-चार लिटर लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी गेले. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने मद्याच्या आणि बीअरच्या कारखान्यांचे पाणी आधी निम्म्याने आणि १० मेपासून साठ टक्क्यांनी तोडण्याचा हुकूम दिला. बेल्जियमच्या पेल्याला जगाचा मान मिळाला आणि आमच्या पेल्यावर कोर्टाची टाच आली, ते साल एकच.

विद्यार्थी खाली मान घालून म्हणाला, "बाई, त्या उन्हाळ्यात आमच्या गावात टँकर येत होता. आई दोन घागरींसाठी रांगेत उभी राहायची. आणि मी इकडं कारखान्यात. त्या पगारावरच घर चाललं होतं. पाणी तोडलं तेव्हा गावाला बरं वाटलं, आणि माझ्या मनात धास्ती, की नोकरी राहते का जाते. कुणाच्या बाजूनं बोलायचं ते मला तेव्हाही कळलं नाही."

मराठी साहित्यात एक जुना वाद आहे. फडके म्हणत, कला कलेसाठी. खांडेकर म्हणत, जीवनासाठी. शाळेत मी तो वाद वर्षानुवर्षे शिकवला, दोन्ही बाजूंनी दहा-दहा गुणांचे उत्तर लिहायला लावले. तो माझ्या बैठकीत, अर्ध्या भरलेल्या पेल्याच्या रूपाने उभा राहील असे वाटले नव्हते. चव चांगली आहे, हे खरे. पाणी महाग आहे, हेही खरे. यांतल्या एका सत्याने दुसऱ्याला गप्प बसवायचे का?

मला वाटते, नाही. पाण्याची टंचाई आहे म्हणून चांगल्या बीअरला वाईट म्हणणे ही अप्रामाणिक समीक्षा होय. आणि बीअर चांगली आहे म्हणून पाण्याकडे डोळेझाक करणे हाही तितकाच अप्रामाणिकपणा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी पोशाखातले पुरुष हातात पेला घेऊन बसलेले आहेत. भिक्षूंच्या त्या लेण्यात चित्रकाराने त्यांना उपदेश केला नाही, की त्यांची थट्टा केली नाही. पेला पेल्यासारखा रंगवला. समीक्षकाने तेवढे तरी करावे. परंतु आपण लेण्यात राहत नाही, गावात राहतो. म्हणून पेला नीट रंगवून झाल्यावर घागरही रंगवली पाहिजे.

मी विद्यार्थ्याला दोन वेगळे निकाल दिले. एक जिभेचा: शंभरात पासष्ट गुण; ताजी मिळाली तर पंच्याहत्तर. ती इथे करावी. तिच्यात आमच्या भाजणीचा वास आहे, ती आमची होऊ शकेल. दुसरा निकाल मी राखून ठेवला. तो म्हणाला, छोटी भट्टी असेल, छतावरचे पावसाचे पाणी साठवीन, धुण्याचे पाणी पुन्हा वापरीन, किती लागले त्याचा हिशेब भिंतीवर लिहून लावीन. मी म्हणालो, "तो हिशेब दाखव, मग दुसरे गुण देतो."

जाताना त्याने सौ.ला वाकून नमस्कार केला. बाटलीत दोन बोटे बीअर उरली होती. मी ती बेसिनमध्ये ओतणार, तेवढ्यात सौ. म्हणाली, "अहो, थांबा. पाणीच आहे ना ते शेवटी? तुळशीला नको, पण कर्दळीला घाला."

घातली. कर्दळीने अद्याप काही मत दिलेले नाही.