दोन म्हाताऱ्यांची बैठक

गवयाने म्हातारपणी गावे की गाऊ नये, या विषयावर आमच्या घरी दर दिवाळीला एकदा तरी वाद होतो. भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, उत्तम पेटी वाजवतात आणि त्यामुळे आपल्याला मत देण्याचा अधिकार आहे असे समजतात. त्यांचे म्हणणे, आवाज शाबूत आहे तोवरच तंबोरा गवसणीत घालावा. मागाहून लोकांनी कीव करावी अशी पाळी आणू नये. मी वाद्य वाजवत नाही, नुसता ऐकतो. तेव्हा आजवर या वादात माझी हारच होत आली. या खेपेस मात्र मी दोन साक्षीदार घेऊन गेलो होतो. दोघेही अमेरिकन. ध्वनिमुद्रिका बाजारात आली त्या 2022 साली एक पंचाहत्तरीचा होता आणि दुसरा ऐंशीला टेकलेला.

पंचाहत्तरीचा तो राय कूडर. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा तो ताजमहाल. हसू नका, त्याचे पाळण्यातले नाव हेन्री सेंट क्लेअर फ्रेडरिक्स. तरुणपणी त्याला गांधीजींची आणि हिंदुस्थानची स्वप्ने पडत, म्हणून त्याने हे नाव घेतले, असे तो सांगत आला आहे. नाव घेताना माणसाने कसला संकोच करू नये हे त्याच्याकडून शिकावे. या दोघांच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘गेट ऑन बोर्ड’, म्हणजे ‘चला, गाडीत चढा’. तीत अकरा गाणी आहेत आणि अकरांतले एकही नवे नाही. सारी सॉनी टेरी आणि ब्राउनी मॅगी या जोडीने गाजवलेली. या जोडीची याच नावाची ध्वनिमुद्रिका 1952 साली निघाली होती. नव्या मुद्रिकेचे वेष्टनसुद्धा त्या जुनीवर बेतलेले आहे.

आधी या मूळ जोडीविषयी थोडे सांगायला हवे, कारण सगळी गोम तिथे आहे. सॉनी टेरीचा जन्म 1911 चा. कोवळ्या वयात दोन निरनिराळ्या अपघातांत त्याचे दोन्ही डोळे गेले. शेतीचे काम राहिले नाही, हाती माउथ ऑर्गन राहिला. त्या टीचभर वाद्यातून तो आगगाडी काढी, शिकारी कुत्र्यांची धाव काढी, आणि फुंकर घेता घेता मध्येच तोंडाने अशी काही आरोळी ठोकी की कुठले वाद्य आणि कुठला माणूस हे उमगू नये. ब्राउनी मॅगी चार वर्षांनी धाकटा. त्याला लहानपणीच पोलिओ झाला. त्याचा भाऊ त्याला गाड्यात बसवून काठीने ढकलत नेई, म्हणून त्या भावाचे नावच ‘स्टिक’ पडले. या काठीवाल्या भावानेही पुढे 1949 साली दारूवरचे एक गाणे म्हणून नाव काढले. तेही या अकरांत आहे. तर एक आंधळा आणि एक लंगडा! आपल्याकडच्या नीतिकथेत असतात तसेच. 1940 नंतरच्या दशकात हे एकत्र आले आणि तीसेक वर्षे गावोगाव, देशोदेशी हिंडले.

पण नीतिकथेतल्यासारखे ते सुखाने नांदले मात्र नाहीत. उत्तरायुष्यात दोघांचे पटेनासे झाले. शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसत, गात, टाळ्या घेत, आणि एकमेकांशी बोलत नसत. अखेर वेगळेच झाले.

हे प्रथम वाचले तेव्हा मला आमचे दोन चुलते आठवले. एकजण पखवाज वाजवीत, दुसऱ्यांच्या गळ्यात वीणा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांत अबोला पडला तो अठरा वर्षे टिकला. पण एकादशीला देवळात भजन उभे राहिले की पखवाजाची थाप आणि वीणेकऱ्याचा पाय यांत केसाचे अंतर पडत नसे. मी लहान होतो. मला वाटे, इतके चांगले भजन झाले, आता घरी जाताना काका बोलतील. ते बोलत नसत. दोन कंदील दोन वाटांनी घरी जात.

असो. कूडर आणि ताजमहाल यांची मैत्री 1965 मधली. लॉस एंजेलिसमध्ये दोघांनी ‘रायझिंग सन्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. एक गोरा पोर, वय अठरा. एक काळा तरुण, वय तेवीस. त्या वेळच्या अमेरिकेत हे जोडकाम तसे धाडसाचेच. कंपनीने त्यांची गाणी मुद्रित केली आणि बहुतेक सगळी फडताळात ठेवून दिली. ती लोकांच्या हाती आली 1992 साली. ताजमहालच्या 1968 च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर कूडरची गिटार आहे. त्यानंतर दोघांनी मिळून अशी अख्खी ध्वनिमुद्रिका केली ती थेट पन्नासांवर वर्षांनी.

मधल्या काळात कूडरने एक वेगळीच कामगिरी केली. तो इतरांच्या म्हाताऱ्यांना शोधत हिंडला. 1996 साली हवानात जाऊन त्याने क्यूबातले विस्मृतीत गेलेले गायक-वादक एकत्र बसवले. त्यांतला कोम्पाय सेगुंदो नव्वदीच्या घरात होता. त्याआधी आपल्या जयपूरच्या पंडित विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेबरोबर तो बसला होता; दोघांची ओळख होऊन तासही उलटला नव्हता आणि वाजवणे सुरू झाले. 1993 च्या त्या ध्वनिमुद्रिकेवर कूडरचा चौदा वर्षांचा मुलगा जोआखिम तालाला होता. तोच मुलगा आता चाळिशी ओलांडून ‘गेट ऑन बोर्ड’वर ढोल सांभाळतो आहे, आणि मुद्रणही झाले ते त्याच्याच घरच्या दिवाणखान्यात. म्हाताऱ्यांना गाते करणारा स्वतः म्हातारा झाला, आणि बैठक मुलाने भरवली.

आता प्रत्यक्ष गाण्याविषयी. ‘ब्लूज’ हा प्रकार ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी ढोबळ ओळख अशी: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीत तिचा निकाल लावायचा. दुःखाचे रडगाणे होऊ न देण्याची ही युक्ती आहे. ताजमहालचा आवाज आता जात्यात खडे पडल्यासारखा वाजतो. त्याला तो लपवायचा नाही. कूडरचा गळा कधीच मोठा नव्हता. त्याचे खरे गाणे बोटांत आहे, आणि बोटे अजून विशीतली आहेत. गहाणवटीच्या दुकानावरचे ‘पॉन शॉप ब्लूज’ हे त्यांतले उत्तम. ते संथ आहे. वस्तू एकेक करून गहाण पडतात तसे स्वर एकेक करून खाली ठेवले जातात. ‘डीप सी डायव्हर’ नावाचे एक पाणबुड्याचे गाणे आहे. दिवाळी अंक घरातली लहानथोर सगळीच वाचतात, म्हणून त्याचा अर्थ मी इथे सांगणार नाही.

एका गाण्याशी मात्र मी अडखळतो. कापूस वेचण्याचे जुने गाणे. दिवसाला एक गाठ कापूस वेचीन अशी त्यात बढाई आहे. गाठीला सुमारे पाचशे पौंड रुई लागते, म्हणजे बोंडातला कापूस त्याच्या तिप्पट. एका माणसाच्या हातून एका दिवसात हे होणे नाही. ही बढाई गुलामाच्या पाठीवर, नंतर कैद्याच्या पाठीवर वाढली. याच कापसापायी अमेरिकेत यादवी पेटली आणि त्या चार वर्षांत आपल्या मुंबईच्या व्यापाऱ्यांनी पैसा ओढला, हेही आपण विसरू नये. हे दोघे ते गाणे जत्रेतल्यासारखे खुशीत म्हणतात. कूडरने ते म्हणावे का, असे मला वाटून गेले. शेजारी ताजमहाल हसत असताना मी कोण आक्षेप घेणार, असेही वाटले. दोन्ही वाटणी अजून माझ्या मनात शेजारी शेजारी बसून आहेत. एकमेकांशी बोलत नाहीत.

दुसरा दोष साधा आहे. जोआखिमचा ढोल दोनतीन ठिकाणी फार भरीव होतो. मूळ जोडीला ढोल लागत नसे. ब्राउनीचा अंगठाच खर्जाच्या तारांवर ते काम करी. आणि माउथ ऑर्गनवरची सॉनीची ती आरोळी ताजमहालला साधत नाही. ती कुणालाच साधत नाही.

तरीही मला ही ध्वनिमुद्रिका इतकी का आवडते? भाऊजींसमोर मी म्हणालो, “यांत मैत्री ऐकू येते.”

भाऊजी म्हणाले, “तुम्ही आधी वाचलंत की ते मित्र आहेत. मग ऐकू येईल नाहीतर काय!”

हे मला लागले. म्हणून मी परीक्षा घेतली. नाव-गाव न सांगता आधी सॉनी आणि ब्राउनीच्या उत्तरकाळातले एक मुद्रण लावले, मग या दोघांचे. भाऊजींनी डोळे मिटले. चकलीचा तुकडा हातातच राहिला. पहिले संपल्यावर म्हणाले, “ही माणसं एकमेकांना आतून-बाहेरून ओळखतात. याने श्वास घेतला की त्याची बोटं थांबतात.” दुसऱ्यावर म्हणाले, “हे तितके बांधून नाहीत. हा चुकला तर तो हसतो. पण मजेत आहेत.”

म्हणजे कला पहिल्यांची थोर. हे मला कबूल करावे लागले आणि मी ते केले. पण दुसऱ्या मुद्रिकेतली ती चूक आणि ते हसू पहिल्यांच्या वाट्याला त्या वयात उरलेच नव्हते. ज्यांची गाणी, त्यांना जे म्हातारपण मिळाले नाही ते त्यांच्या चाहत्यांनी त्यांच्याच गाण्यांत बसून भोगले. 2023 मध्ये तिला पारंपरिक ब्लूजचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेही ठीकच.

मग मी भाऊजींना खरा प्रकार सांगितला: पहिले दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. ते बराच वेळ गप्प राहिले. आमच्या चुलत्यांच्या भजनात पेटीवर, नवे जावई म्हणून, तेच बसत असत. “वीणेवाले काका गेले तेव्हा,” ते म्हणाले, “पखवाजवाले तेरा दिवस पारावर बसून होते. घरात गेले नाहीत. पखवाजाला कणीकही लावली नाही पुन्हा.”

आत ताई दिव्यांना तेल घालत होती. भाऊजींनी चकली ताटात ठेवली आणि म्हणाले, “ते गहाणवटीचं लावा पुन्हा. तुमच्या म्हाताऱ्यांचं.”